यादी बाजूला ठेव, उल्लेख वाच

बेळगाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. निपाणीच्या विडी कामगार बायकांवरचा पेपर कुठे पाठवू, असं विचारलंस आणि सोबत जर्नलांची यादी दिलीस, इम्पॅक्ट फॅक्टरच्या उतरत्या क्रमाने. ती यादी आधी बाजूला ठेव.

हा आकडा निघतो कसा ते बघ. एखाद्या जर्नलने २०२३ आणि २०२४ मध्ये छापलेल्या लेखांचे २०२५ मध्ये इतरांच्या लेखांत किती उल्लेख, म्हणजे सायटेशन, झाले ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. समज, लेख ६०, उल्लेख ९०. आकडा आला दीड. पण त्यातले ५० उल्लेख दोनच लेखांचे असतील आणि कित्येक लेखांकडे कुणी फिरकलंही नसेल. अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे ग्रंथालयांना नियतकालिकं निवडायला हा आकडा उपयोगी पडला. त्यावरून माणसांची लायकी ठरवणं नंतर आलं, आणि ते मला मुळीच पटत नाही.

आपल्या विषयाला तर दोन वर्षं पुरतच नाहीत. तंबाखूच्या वखारीतल्या बायका मोकळेपणाने बोलायला लागेपर्यंतच महिने जातात. तुझा पेपर वाचून दुसरं कुणी असं काम करून लिहीपर्यंत मुदत टळलेली असते. इरावती कर्वे यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ १९५३ चा. अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

म्हणून उल्लेख उघडून वाच. गूगल स्कॉलरवर लेखाखाली 'सायटेड बाय' असतं, तिथून एकेक बघत जा. पुष्कळ ठिकाणी लेखकाचं नाव कंसात इतर चार नावांच्या रांगेत बसवलेलं दिसेल. पण कुणी तुझ्या हजार विड्यांमागच्या मजुरीच्या तक्त्याशी वाद घातला, नापास ठरवलेल्या विड्यांचा हिशेब तू कसा धरलास असं विचारलं, तर तो एक उल्लेख मी दहांच्या वर धरीन. कोल्हापूर-धारवाडच्या कुणी मराठी किंवा कन्नड प्रबंधात तुझा आधार घेतला, तर मोठ्या डेटाबेसमध्ये तो बहुधा येणारच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. सीमाभागावर कितीतरी लिहिलं जातं ते याच भाषांत. त्याची नोंद तुझी तूच ठेव.

'पाच दिवसांत पेपर छापून देतो' असे व्हॉट्सॲप मेसेज तुलाही येत असतील. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची आपली यादी, बंद केली, आता पारख आपणच करायची. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो. तिथे नाव नसताना कुणी मुखपृष्ठावर आकडा मिरवत असेल, तर त्या वाटेला जाऊ नकोस. नुसतं नाव नाही म्हणून मात्र चांगलं जर्नल टाकू नकोस.

आता तुझी संदर्भसूची काढ. 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन', 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली', जे नाव जास्तीत जास्त वेळा आलंय, त्याचे अलीकडचे अंक चाळ. श्रमावरचे लेख तिथे येत असतील तर पहिल्यांदा तिकडेच पाठव. तुझे वाचक तिथे आहेत. मसुदा रविवारपर्यंत मला दे, मजुरीच्या तक्त्यासकट.

तुझे,
सर