कावळ्याच्या शास्त्रीय नावात ‘स्प्लेन्डेन्स’ कुठून आलं?

तुमचा प्रश्न असा आहे की गावकावळ्याचं शास्त्रीय नाव ‘कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स’ आहे, शब्दकोशात स्प्लेन्डेन्सच्या आसपास ‘भव्य’, ‘दिमाखदार’ असे अर्थ सापडले, मग हे नाव कोणी चेष्टेनं दिलंय का? मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तर छपाईची चूकच वाटली होती. वरच्या ओळीतल्या मोराचं नाव घसरून खाली आलं असेल, असं. पण चेष्टा नाही आणि चूकही नाही.

घोटाळा होतो तो इंग्रजीमुळे. ‘स्प्लेन्डिड’ हा शब्द आपल्या कानावर आधी पडलेला असतो आणि तोच अर्थ आपण लॅटिनवर लादतो. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ चमकणे, झळकणे एवढाच आहे आणि स्प्लेन्डेन्स म्हणजे ‘चमकणारा’. देखणा की कुरूप, हा मुद्दाच नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात बसलेल्या कावळ्याचं कपाळ, पंख आणि शेपटी नीट बघा. त्या काळ्यात जांभळी, निळी, कुठे हिरवी झाक फिरते. ती रंगद्रव्याची नसते, पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणून कावळ्यानं मान वळवली की ती जागा बदलते. नाव या तकतकीला दिलेलं आहे. गंमत अशी की ज्या राखाडी मानेवरून आपण या कावळ्याला डोमकावळ्यापासून वेगळा ओळखतो, तिचा नावात मागमूसही नाही. मला विचाराल तर नाव त्या मानेवरून पडायला हवं होतं.

नाव देणारा माणूस फ्रेंच होता, लुई पिएर व्हिएयो. १८१७ साली निसर्गविज्ञानाच्या एका बहुखंडी फ्रेंच कोशात त्यानं या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि ठिकाण दिलं बंगाल. व्हिएयोचा जन्म १७४८चा. तरुणपणी तो कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत व्यापारासाठी राहिला, तिथे उठाव झाल्यावर अमेरिकेत पळाला आणि नंतर फ्रान्सला परतला. पक्षी पेंढा भरून कपाटात ठेवण्यापेक्षा जिवंत असताना पाहावेत, त्यांच्या सवयी नोंदवाव्यात, असा आग्रह धरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव घेतात. आपल्याकडे मात्र तो कधी आला नाही. आला असता, हॉटेलच्या खिडकीतून या पक्ष्याच्या चार दिवस सवयी नोंदवल्या असत्या, तर ‘चमकणारा’ याच गुणावर थांबला असता का, याची मला शंका आहे.

आता खरा रंजक भाग. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची मोजदाद स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८च्या ग्रंथापासून सुरू होते. ‘कॉर्व्हस’ हा पहिला शब्द त्यानंच रूढ केला आणि त्याखाली जे काय भरलं ते वाचून हसू येतं. युरोपातले कावळे होतेच. सोबत ‘कॉर्व्हस बेंगालेन्सिस’, म्हणजे बंगालचा कावळा, असंही एक नाव त्यानं दिलं. तो कोण असेल? आपला नीलपंख. तारेवर बसलेला असताना मळकट दिसणारा आणि उडाला की निळाईचा स्फोट करणारा तोच. १७६६मध्ये त्यानं आणखी एक ‘कावळा’ वाढवला, ‘कॉर्व्हस ब्रॅकियुरस’, म्हणजे आखूड शेपटीचा. तो निघाला नवरंग! म्हणजे आपल्या दोन सर्वांत रंगीबेरंगी पक्ष्यांना कावळा म्हणून झालं, आणि घरोघरच्या कौलांवर बसणाऱ्या खऱ्या कावळ्याला नाव मिळायला १८१७ उजाडावं लागलं.

नीलपंख आणि नवरंग पुढे कावळ्यांतून बाहेर काढले गेले. नीलपंख आता ‘कोरासियास बेंगालेन्सिस’ आहे, पण कोरासियास हाही मूळचा कावळ्याच्या एका भाईबंदासाठीचा ग्रीक शब्द. बिचाऱ्याची सुटका झाली ती अर्धीच. अशा हलवलेल्या नावांपुढे मूळ नाव देणारा कंसात लिहितात: (लिनियस, १७५८). आपल्या कावळ्यापुढे मात्र कंसाविना ‘व्हिएयो, १८१७’ असं दिसेल, कारण तो पहिल्या दिवसापासून कॉर्व्हसमध्येच आहे. कंसाला एवढा अर्थ असतो हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर मी ते सजावट समजत होतो.

याचा एक परिणाम असा की ‘कॉर्व्हस बेंगालेन्सिस’ हे नाव एकदा नीलपंखासाठी वापरून झाल्यामुळे कुठल्याही खऱ्या कावळ्यासाठी कायमचं बाद झालं. नीलपंख तिथून गेला, तरी जागा रिकामी होत नाही. नियम तसा आहे. दुसरा नियम तुमच्या प्रश्नाशी थेट भिडतो: नाव शोभत नाही, एवढ्या कारणावरून ते बदलता येत नाही. न्यू गिनीतल्या एका स्वर्गीय पक्ष्याचं नाव ‘अपोडा’, म्हणजे बिनपायाचा. व्यापारी पाय छाटून कातडी युरोपात पाठवत, म्हणून ते पडलं. पक्ष्याला धडधाकट पाय आहेत हे कळून शतकं लोटली, नाव तसंच आहे. त्यामानानं आपल्या कावळ्याचं निदान खरं तरी आहे.

‘कॉर्व्हस’बद्दलही थोडं. लॅटिनमध्ये हा शब्द सरसकट कावळ्याचा नव्हता. तो रेव्हन नावाच्या थोराड कावळ्याचा होता, साध्या कावळ्याला ‘कॉर्निक्स’ म्हणत. ग्रीकमध्येही अशीच जोडी होती, कोरॅक्स आणि कोरोने. हे सगळे शब्द पक्ष्याच्या ओरडण्यावरून आले असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, सरळ वाक्य आहे, ‘काक इति शब्दानुकृतिः’, काक हे आवाजाचं अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा दिसतं. लगेच पुढे औपमन्यव नावाच्या आचार्याचं मत दिलंय की छे, अनुकरण वगैरे काही नाही, काक म्हणजे ज्याला हाकलून लावावं लागतं तो. व्युत्पत्ती म्हणून यास्काचं बरोबर असेल, पण वाळवण राखत बसलेलं कोणीही माणूस औपमन्यवाच्या बाजूनं मत देईल.

तुम्ही डोमकावळ्याचं विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण त्याचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. मुंबई सरकारच्या नोकरीतला लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यानं १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापली. त्यात डोमकावळ्याला त्यानं ‘कॉर्व्हस कल्मिनेटस’ म्हटलं, मूळ ठिकाण पुणे. कल्मेन म्हणजे शिखर, कणा. पक्षी अभ्यासक चोचीच्या वरच्या कण्याला तोच शब्द वापरतात, आणि डोमकावळ्याची कमानदार चोच एकदा पाहिली की नाव विसरायला होत नाही. पुढे बराच काळ हा पक्षी ‘मॅक्रोऱ्हिंकोस’ या, म्हणजे मोठ्या चोचीच्या, जावातल्या कावळ्याची पोटजात मानला जाई. जुन्या पुस्तकांत तुम्हाला तेच नाव सापडेल. अलीकडे बऱ्याच याद्यांनी त्याला वेगळा काढला आणि साइक्सनं दिलेलं नाव पुन्हा वर आलं. गावकावळ्याला नाव देणारा त्याच्या देशात फिरकला नाही. डोमकावळ्याच्या बाबतीत मात्र नाव देणाऱ्यानं तो इथल्या झाडांवर पाहिलेला होता, आणि नाव त्याच पक्ष्याच्या चोचीकडे बघून आलेलं दिसतं.

आणि तुम्हाला हवी होती ती चेष्टा थोड्या वेगळ्या ठिकाणी सापडते. ब्रह्मदेशाकडच्या गावकावळ्याची मान आपल्याकडच्याहून बरीच गडद असते. त्याला १८७४ साली स्वतंत्र नाव दिलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमनं, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला त्याच ह्यूमनं. हा गृहस्थ हिंदुस्थानात वर्षानुवर्षं राहिलेला, कावळ्यांशी रोजचा संबंध आलेला. त्यानं नाव दिलं ‘इन्सोलेन्स’, म्हणजे उद्धट. नंतर तो कावळा व्हिएयोच्या कावळ्याचीच पोटजात ठरला आणि दोघांची नावं एकामागोमाग लिहिली जाऊ लागली. त्यामुळे आज त्याचं पूर्ण नाव आहे कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स इन्सोलेन्स: चमकणारा, उद्धट कावळा.