आधी डोक्याचं बघायचं की पायाचं?

घरातल्या मानसिक आजाराच्या माणसाला मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचं दुखणंही लागलं, की नातेवाइकांचा प्रश्न बहुतेक एकच असतो: "ह्यांना न्यायचं तरी कुठं?" मानसोपचाराकडे गेलं तर आधी ताप उतरवून या म्हणतात. तापासाठी गेलं तर हे मानसिक पेशंट, आमच्याकडे सांभाळायला माणसं नाहीत म्हणतात. मधल्यामध्ये नातेवाईक दोन पिशव्या घेऊन फिरत असतात, एकीत साखरेच्या गोळ्या, दुसरीत डोक्याच्या. डिचोली तालुक्यातल्या एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

भाची पणजीत नोकरी करणारी. मामा साठीच्या आसपासचे, लग्न झालेलं नाही, बहिणीच्याच घरी राहतात. स्किझोफ्रेनिया तरुणपणापासून, पण ओलान्झापिन ह्या त्यावरच्या औषधावर कित्येक वर्षं बरं चाललं होतं. सकाळी पेज, मग बागायतीत एक फेरी, संध्याकाळी देवळात भजनाला टाळ वाजवायला. त्यांना आवाज ऐकू येतात हे घरात सगळ्यांना ठाऊक. आवाज शिव्या देतात, मामा कधीकधी उलट उत्तर देतात, आणि बहीण आतून ओरडते, "जेवायला ये आता, भांडण नंतर." मधुमेह नंतर जडला.

चवथीच्या तोंडावर, गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान गोळा करायच्या गडबडीत मामा बिघडले. रात्ररात्र जागे. भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झाडायचे, बहिणीला आईच्या नावानं हाक मारायचे. घरच्यांनी ठरवून टाकलं की गोळ्या चुकवल्या असणार. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी अंगात ताप बघून फिजिशियनकडे जायला सांगितलं. ते बरोबरच होतं, पण का जायचं हे घरच्यांना नीट कळलं नाही. जवळच्या एका खासगी हॉस्पिटलात काउंटरवरच्या माणसानं जुने कागद चाळले आणि "असे पेशंट आम्ही घेत नाही" म्हणून परत पाठवलं. मामांना घरी ठेवून भाची माझ्याकडे आली, ती मुख्यतः एवढं विचारायला, की त्यांना मानसोपचाराच्या वॉर्डात भरती कसं करायचं.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. पण प्रश्न विचारणं माझं काम आहे.

हे कधीपासून? तीन दिवस. त्याआधी? रविवारी भजनाला गेले होते, छान होते. आता आवाजांशी भांडतात का? ती थांबली. "नाही हो, आवाजाचं काही बोलतच नाहीत. दिसतं म्हणतात." सकाळी कसे असतात? सकाळी बरे, तिला ओळखतात, चहा मागतात. दिवेलागण झाली की सुरू. आज वार कुठला ते सांगता येतं? नाही. लघवी? अंथरुणात होते आहे. आणि पाय बघितले का?

पाय कोणीच बघितले नव्हते. तिनं तिथूनच आईला फोन लावला. आईनं मामांच्या पायावरचं पांघरूण काढलं. डाव्या अंगठ्याखाली जखम, पू, वास. अनवाणी बागायतीत फिरताना कधी काय लागलं ते मामांनाही कळलं नव्हतं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. शिवाय स्किझोफ्रेनिया असलेली काही माणसं दुखणं सांगतच नाहीत.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी ह्या प्रश्नांचा रोख लक्षात घ्यावा. जुना मानसिक आजार उलटतो तेव्हा तो बहुधा हळूहळू, आपल्या जुन्याच रूपात येतो: तेच आवाज, तोच संशय, झोप आठवडाभर आधीपासून उडालेली. एकदोन दिवसांत माणूस पालटला, सकाळी शुद्धीवर आणि रात्री भ्रमात असा चढउतार सुरू झाला, वेळ-जागा कळेनाशी झाली, ऐकू येण्याऐवजी दिसू लागलं, तर डिलिरियमची शंका घ्यायची. म्हणजे शरीरातल्या कशानं तरी मेंदू गोंधळलेला आहे. संसर्ग, साखर फार वाढणं किंवा घटणं, सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, एखादं नवं औषध, काहीही असू शकतं. हे तातडीचं दुखणं आहे आणि ते आधी शरीराच्या डॉक्टरांनी बघायचं असतं. अडचण अशी की फाइलवर स्किझोफ्रेनिया लिहिलेलं असलं की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते. डॉक्टरांचीही अडकते, घरच्यांची तर आधी.

म्हणून मी वॉर्डाचा विषय बाजूला ठेवला आणि १०८ ला फोन करून त्याच दिवशी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्यायला सांगितलं. मनोरुग्णालय, म्हणजे आयपीएचबी, बांबोळीतच आहे, त्यामुळे दोन्हीकडची गरज पडली तरी लांब जावं लागत नाही. पण तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, ह्यावर आम्ही बराच वेळ घालवला. "मामा मानसिक पेशंट आहेत, बिघडलेत" असं म्हणून सुरुवात केली असती तर सगळ्यांनी मानसिक आजाराचंच बघितलं असतं. तिनं एका कागदावर लिहून घेतलं: "मधुमेह आहे. ताप आहे. पायाला जखम आहे. तीन दिवसांपासून भ्रमात आहेत, एरवी असे नसतात. ओलान्झापिन चालू आहे." स्किझोफ्रेनिया लपवला नाही, फक्त तो शेवटी, औषधाच्या नावातून आला. दोन्ही पिशव्यांतल्या गोळ्या पाकिटांसकट बरोबर नेल्या.

पायाचा संसर्ग रक्तात उतरत होता, साखर फार वाढली होती. सर्जरीच्या वॉर्डात भरती झाले, अंगठा गेला, पाय वाचला. मानसोपचाराचे डॉक्टर त्यांना त्या वॉर्डातच येऊन बघत होते. भ्रम संसर्गाबरोबर उतरला.

मधेच एकदा घाबरगुंडी उडाली. मामा दिवसभर झोपूनच, हाक मारली तरी अर्धे डोळे उघडायचे. बहिणीला वाटलं अर्धांग झालं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं, घरी बिडी किती ओढायचे? बिडीच्या धुरानं यकृत ओलान्झापिन लवकर संपवतं. वॉर्डात बिडी बंद झाली, तोच डोस अंगावर जास्त चढू लागला. डोस कमी केला आणि मामा पुन्हा बोलू लागले, पहिल्यांदा अर्थात बिडी मागायला. एका बाजूच्या डॉक्टरांनी बिडी सोडा म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूला ते कळवायचंच नाही, असं घडतं ते असं.

औषध आणि साखरेचा संबंधही घरच्यांना तेव्हाच कळला. ओलान्झापिननं वजन आणि साखर वाढते हे जुनं माहीत असलेलं आहे, म्हणून ते घेणाऱ्याचं वजन, रक्तदाब, साखर, चरबी वेळोवेळी तपासायची असते. हे ऐकून भाची म्हणाली, मग बंदच करू. नाही. ज्या औषधानं माणूस इतकी वर्षं भजनाला जातो आहे ते स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. बदलायचं की नाही, ते दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवून विचारायचं.

घरी सोडल्यावर भाचीनं एकच फाइल केली. सगळ्यात वर एक पान: दोन्ही आजार, सगळ्या गोळ्या त्यांच्या वेळांसह, शेवटची साखर, शेवटचं वजन, आणि "मामा बरे असतात तेव्हा कसे असतात" ह्याच्या चार ओळी. ते पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण नव्या डॉक्टरला दुसऱ्या कुठल्याच तपासणीतून ते कळणार नाही.

त्या खासगी हॉस्पिटलाबद्दल तिचा राग मावळला नव्हता, मावळावा असंही मला वाटत नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला आरोग्यसेवेत शरीरानं आजारी असलेल्यासारखीच वागणूक मिळाली पाहिजे. तातडीची सेवा आणि रुग्णवाहिका ह्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आरोग्यविम्यातही असा भेद करता येत नाही. काउंटरवर उभं राहून कलमं म्हणायची वेळ कोणावर येऊ नये, पण कलमाचा आकडा माहीत असला की आवाज थोडा स्थिर राहतो. रात्री-अपरात्री मानसिक आजाराबद्दल विचारायला टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. भ्रम आणि ताप बरोबर असेल तर मात्र तिथं वेळ न घालवता १०८.

ह्याच कायद्यात कलम १४ आहे. पुढं कधी आपल्याला नीट सांगता आलं नाही तर उपचारांच्या निर्णयांत मदत कोणी करायची, ते माणूस स्वतः नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरतो, आणि नेमलेल्या माणसाची लेखी संमती लागते. मामा ठीक असताना हे करून घ्या असं मी सुचवलं. भाचीनं स्वतःचं नाव गृहीत धरलं होतं. मामांनी शेजारच्या भजनी मंडळातल्या गृहस्थांचं नाव लिहिलं.

तिला ते फार लागलं. एवढी धावपळ केली, नोकरीतल्या रजा संपवल्या, आणि नाव शेजाऱ्याचं! पुढच्या भेटीत दोघं एकत्र आले तेव्हा मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "ही आधी रडते, मग ठरवते. तो आधी विचारतो, मला काय हवं." भाची तिथंच रडली आणि रडता रडता हसलीही. कागद बदलायचा का असं मी मामांना पुन्हा विचारलं, कारण तो केव्हाही बदलता येतो. मामा नको म्हणाले. फाइल भाचीकडे राहील, सही शेजाऱ्याची, आणि अनवाणी बागायतीत जायचं नाही. शेवटची अट बहिणीनं घातली होती, तिच्यावर मामांची सही अजून व्हायची आहे.