टोमॅटोच्या प्लॉटमध्ये मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक) उचलला की काळे चकचकीत भुंगेरे सैरावैरा पळताना दिसतात. ही मुळं खाणारी हुमणीच आहे का? दाणेदार औषध टाकू का?

आधी औषधाची पिशवी बाजूला ठेवा. मल्चिंग पेपर उचलला की काळे चकचकीत किडे सैरावैरा पळतात, असं तुम्हीच लिहिलंय. हुमणीचा भुंगेरा असा पळत नाही. तो तपकिरी, जड अंगाचा. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी बाभळी-कडुनिंबावर पाला खायला जमतो. त्याच्या मिशांच्या टोकाला पंखा असतो. तुमच्याकडचे बहुतेक शिकारी भुंगेरे आहेत: पाय लांब, मिशा दोऱ्यासारख्या, जबडे पुढे आलेले. अळ्यांतही फरक आहे. हुमणीची अळी पांढरी, गुबगुबीत, अर्धचंद्रासारखी वळलेली. यांची लांबट, चपटी आणि चपळ.

आमचं रान कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी. हुमणीनं ऊस गेलेला पाहिलाय, त्यामुळे तुमची भीती समजते. पण टोमॅटोत फळ पोखरणारी अळी कोषात जायला मातीत उतरते, रोपं कुरतडणारी अळी दिवसा मातीत दडून रात्री वर येते. हे भुंगेरेही बहुतेक रात्रीच हिंडतात आणि अशा अळ्या-कोष त्यांच्या तावडीत सापडतात. लहान गोगलगायीही काही जाती सोडत नाहीत. दाणेदार औषध मातीत पडलं की हे भुंगेरेही मरतात. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर तर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदीच आहे. कुणी जुनी पिशवी काढून दिली तरी घेऊ नका.

खात्री करायची तर आठ-दहा प्लास्टिकचे ग्लास घ्या. काठ बरोबर मातीच्या पातळीला येईल असे पुरा, तळाला बोटभर पाणी आणि साबणाचे दोन थेंब, वर खापराचा तुकडा दोन खड्यांवर टेकवून. निम्मे बांधाजवळ, निम्मे सरींच्या मधोमध. एक मात्र ध्यानात ठेवा: जो जास्त पळतो तोच जास्त पडतो. मोकळ्या जमिनीत ते जोरात पळतात, गवतात अडखळतात. त्यामुळे बांधाकडच्या ग्लासात कमी निघाले म्हणून तिथे भुंगेरे नाहीत असं धरू नका.

हातात मात्र घेऊ नका. पिवळट-काळा एक भुंगेरा मी चिमटीत धरला होता. मागून फट्‌ आवाज झाला, बोट भाजलं आणि तपकिरी डाग चार-पाच दिवस गेला नाही. त्याच्या पोटात एका पिशवीत दोन रसायनं साठलेली असतात, ती शेजारच्या कप्प्यात जाऊन तिथल्या विकरांत (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या द्रव्यांत) मिसळली की जवळपास 100 अंशांचा फवारा सुटतो. सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा काळा भुंगेरा दिसला तर तोंड जवळ नेऊ नका. तो मुंग्यांसारखं आम्ल उडवतो, डोळ्यात गेलं तर पंचाईत.

बांध पेटवायची सवय असेल तर एक वर्ष सोडून बघा. गवताच्या बुडाशी, पाल्याखाली यांना आसरा मिळतो. इंग्लंडात 1990 नंतर काही शेतकऱ्यांनी खास यांच्यासाठी मोठ्या शेताच्या मधोमध गवताचे उंचवटे घातले. आपल्याकडे बांध आयता असतो, आपण तो दर वर्षी वीतभर कोरतो आणि वर भावकीत भांडतो.

ग्लास तांबडं फुटायच्या आत बघा. माझे दोनदा कोंबड्यांनी आधी तपासले होते.