देब्युसी आणि राव्हेल या फ्रेंच संगीतकारांची स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठीच्या रचना) पहिल्यांदाच ऐकायची आहेत. कुठलं रेकॉर्डिंग घेऊ?

डोळे झाकून 'क्वातुओर एबेन'चं. ही फ्रेंच चौकडी (चांडाळ नव्हे!) १९९९ मध्ये पॅरिसजवळ जमली. २००४ मध्ये त्यांनी म्युनिकची एआरडी ही आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धा मारली आणि २००८ मध्ये देब्युसी, राव्हेल आणि फोरे (हाही फ्रेंच संगीतकार) यांची क्वार्टेट एकाच अल्बममध्ये आणली. 'ग्रामोफोन' मासिकाने २००९ चं सर्वोत्तम रेकॉर्डिंग म्हणून त्यालाच निवडलं.

सुरुवात राव्हेलच्या दुसऱ्या भागापासून करा. गज बाजूला, बोटांनी टणत्कारत छेडलेल्या तारा. कुणी सहा मात्रा तीन-तीन मोजतंय, कुणी दोन-दोन. ही मंडळी जॅझही वाजवतात, म्हणूनच बहुधा ती लय इतकी मोकळी वाटते. देब्युसीचा संथ तिसरा भाग मात्र रात्री, हेडफोन लावूनच ऐका. फोरे नंतर ऐकलात तरी चालेल.