पहिलं वेब ॲप क्लाउडवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जँगो या पायथॉन फ्रेमवर्कमध्ये वेब ॲप तयार केलं आहे. डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि लोक त्यात फोटोही अपलोड करतील. सुरुवातीला शंभरेक जण वापरतील. व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेऊ, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसकडे जाऊ, की गिटवरून कोड थेट डिप्लॉय करणारा (म्हणजे सर्व्हरवर चढवून चालू करणारा) रेंडर किंवा हेरोकूसारखा प्लॅटफॉर्म निवडू?

उत्तर : शंभर जणांचा भार तिन्ही पर्याय सहज पेलतील, त्यामुळे वेगाची तुलना करत बसू नका. रात्री सर्व्हर बंद पडला तर बघणार कोण, यावरून ठरवा. व्हीपीएस म्हणजे मोकळं लिनक्स मशीन. सुरक्षा अपडेट, फायरवॉल, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, एसएसएल (सुरक्षित https जोडणी), बॅकअप हे सगळं तुमच्या अंगावर. लिनक्स शिकायचं असेल तर जरूर घ्या. ॲप लोकांपर्यंत पोचवायचं असेल तर प्लॅटफॉर्मच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र तुमच्या ॲपमध्ये फोटो आहेत, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. अशा प्लॅटफॉर्मवरची डिस्क बहुधा तात्पुरती असते. नवा कोड पाठवला की जुना कंटेनर (ॲप चालतं ती बंदिस्त जागा) टाकून नवा उभा राहतो आणि मीडिया फोल्डरमधले फोटो जुन्याबरोबर जातात. एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) वापरला, तर त्याची फाइलही तशीच जाते. चाचणीत हे लक्षात येत नाही, कारण अपलोड केलेला फोटो लगेच नीट दिसतो. पुढच्या डिप्लॉयनंतर मात्र तुटक्या चित्राची चौकट उरते. म्हणून फोटो पहिल्या दिवसापासून ॲमेझॉनच्या एस-३सारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (ॲपच्या डिस्कबाहेर फाइली साठवणाऱ्या सेवेत) ठेवा. जँगो-स्टोरेजेस पॅकेजने ते होतं. डेटाबेस मॅनेज्ड (देखभाल कंपनीच करते असा) घ्या, आणि तो ॲपच्याच रीजनमध्ये (डेटासेंटरच्या प्रदेशात) असू द्या. दोघांमधल्या एका फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील आणि एका पानासाठी एकामागून एक ३० क्वेरी जात असतील, तर ३ सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात.

डिप्लॉय झालं तरी पान उघडत नसेल, तर आधी लॉग (ॲपने लिहिलेल्या नोंदी) वाचा. ॲप १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनच्या आतल्या पत्त्यावर) लिसन करत असेल तर बाहेरची रिक्वेस्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तिथे ०.०.०.० हवं, आणि पोर्ट प्लॅटफॉर्मने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिलेला. ४०० एरर आली तर बहुतेक वेळा जँगोच्या अलाउड होस्ट्स सेटिंगमध्ये डोमेन टाकायचं राहिलेलं असतं. पान दिसतं पण सीएसएस गायब? डीबग मोड बंद केल्यावर जँगो स्वतः स्टॅटिक फाइल (सीएसएससारख्या न बदलणाऱ्या फाइली) देत नाही. व्हाइटनॉइज पॅकेज बसवा आणि कलेक्टस्टॅटिक ही कमांड चालवा.

प्रश्न : रेंडरच्या फुकट प्लॅनवर ॲप पहिल्यांदा उघडायला मिनिटभर लागतं. कोडमध्ये चूक आहे का?

उत्तर : नाही. रेंडरच्या फुकट प्लॅनवर १५ मिनिटं कुणी आलं नाही की ॲप झोपवलं जातं, आणि जागं व्हायला तेवढा वेळ जातो. दाखवण्यापुरतं ठीक आहे. खरे वापरकर्ते आले की पैसे भरून सर्वांत लहान प्लॅन घ्या. फुकट सोयीवर कायमची भिस्त नको. हेरोकूने नोव्हेंबर २०२२मध्ये आपले फुकट प्लॅन बंदच केले.

प्रश्न : १ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर साइट अधूनमधून आपोआप बंद पडते. का?

उत्तर : रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर एखादी मोठी प्रोसेस मारतो, आणि तो घाव अनेकदा डेटाबेसवरच पडतो. डीमेसेज (dmesg) कमांडमध्ये त्याची नोंद सापडेल. गनिकॉर्नचे (जँगो चालवणाऱ्या सर्व्हरचे) वर्कर २वर आणा, २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) बनवा आणि जावास्क्रिप्टचं एनपीएम बिल्ड सर्व्हरवर न करता आपल्या मशीनवर करा. फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या वाटेला) परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर तुमचाच रस्ता बंद होईल.

प्रश्न : मोठ्या क्लाउडवर बिल अचानक फुगतं म्हणतात. काय काळजी घ्यावी?

उत्तर : मशीन सुरू करण्याआधी बजेट अलर्ट लावा. पण अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही, आणि तोही काही तास उशिरा येतो. ॲमेझॉनवर ईसी-२ मशीन थांबवलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-४ पत्त्याचेही पैसे लागतात. प्रयोग संपला की मशीन, डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) आणि राखून ठेवलेले आयपी पत्ते स्वतंत्रपणे डिलीट करा, आणि प्रत्येक रीजन उघडून बघा, कारण कन्सोलवर बऱ्याच याद्या एका वेळी एकाच रीजनच्या दिसतात. ॲक्सेस की (क्लाउड खात्याची गुप्त किल्ली) गिटमध्ये कधीही टाकू नका. चुकून गेलीच, तर कमिट पुसून भागत नाही. ती की आधी रद्द करा.