पुरासाठी औषधांचा डबा

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात विश्वामित्री नदीजवळ राहतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यात पाणी शिरलं होतं. घरात चौघं, सासूबाई इन्सुलिन घेतात. प्रथमोपचाराचं काय काय भरून ठेवावं?

उत्तर : दुकानातल्या तयार पेटीत बँड-एडसारख्या छोट्या पट्ट्यांचीच भरती असते आणि ओल्या कातडीवर त्या तासभरही टिकत नाहीत. त्यापेक्षा निर्जंतुक गॉजची 10 पाकिटं, 10 सेंटिमीटर रुंदीची 2 क्रेप बँडेजं, गॉज बांधायला चिकटपट्टीचं रीळ, बोथट टोकाची कात्री घ्या. कापूस थेट जखमेवर नको, तंतू आत अडकतात. गढूळ पाण्यात पाय कापला तर आधी 5 ते 10 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, मग पोव्हिडोन आयोडीन. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना लगेच विचारा.

ओआरएसची 8 पाकिटं. मोठं पाकीट अख्खं 1 लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं.

वीज गेली की इन्सुलिन कोरड्या पिशवीत बांधून माठाच्या गारव्याला ठेवा. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं फेकावंच लागतं. शिवाय ग्लुकोज, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या.

इन्सुलिन सोडून बाकी सगळं रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर. पलंगाखाली तर अजिबात नको!