न खेचणारं चुंबक आणि गप्प झालेली मुलगी

प्रश्न: मुलगी टी.वाय.बी.एस्सी. फिजिक्सला आहे, सीजीपीए ८.१. थराथरांच्या अँटीफेरोमॅग्नेटमधल्या टोपोलॉजिकल अवस्थांवर पीएच.डी. करायची म्हणते. जे चुंबक खेचतच नाही, त्याला कोण विचारणार? तिने कपाटावर लावलेलं स्फटिकाचं चित्र मी काढून ठेवलं. शहाणी आहे, वाद घातला नाही. बी.एड. आणि दोन वर्षांत लग्न, असं ठरलंय. तिला समजवा. – एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर: मार्कांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती त्या चित्राची. आवडीची गोष्ट काढली गेली आणि मुलगी एक शब्द बोलली नाही, याला तुम्ही शहाणपण म्हणता. मला वाटतं, तुम्हाला सांगून उपयोग नाही असं तिने मनाशी धरलंय. आणि ‘ठरलंय’ म्हणजे कुणी ठरवलं? अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एकाच वाक्यात आलंय.

आता ते न खेचणारं चुंबक, म्हणजेच अँटीफेरोमॅग्नेट. १९७० साली नोबेल घेताना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेल यांनीही हे पदार्थ अभ्यासाला सुरेख, पण उपयोग दिसत नाही, असंच म्हटलं होतं. पुढे हार्ड डिस्क वाचणाऱ्या हेडमध्ये अँटीफेरोमॅग्नेटचाच थर बसला. तुमची मुलगी म्हणते त्यातला गाजलेला पदार्थ मँगेनीज, बिस्मथ आणि टेल्युरियमचा. त्याच्या एकेका थरात अणूंच्या सात ओळी. एका थराचं चुंबकत्व वर, शेजारच्याचं खाली, म्हणून बाहेर खेच जाणवत नाही. पण पाचच थर घेतले तर एक बिनजोडीचा उरतो. २०२० मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाने असा पाच थरांचा तुकडा १.४ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसच्या आसपास, थंड केला, तेव्हा बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नसतानाही वीज कडेकडेने जवळजवळ विनाअडथळा वाहिली. तुमची मुलगी म्हणते ती टोपोलॉजिकल अवस्था अशीच असते. आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. क्वार्ट्झच्या बंद नळीत, भट्टीत, सुमारे ६०० अंशांवर हळूहळू स्फटिक वाढवायचे, मग थर सोलायचे. हाताचं काम आहे.

जॅम, जेस्ट, टीआयएफआरची परीक्षा या एम.एस्सी.-पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षांच्या वाटा तिला ठाऊक असतीलच. जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात आणि कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे तिला स्पष्ट सांगा. बी.एड. मात्र शिकवायची ओढ असणाऱ्याने करावं, लग्न ठरेपर्यंत वेळ काढायला नाही.

तिला समजवायचं काम मी घेणार नाही. ते चित्र परत लावा आणि त्यातल्या सात ओळी कुठल्या, ते तिलाच विचारा. पुढचं पत्र तिने लिहिलेलं असू दे.